दगड राहिला, शीव गेली

मार्च २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं आपल्या संरक्षित स्मारकांच्या यादीतून १८ नावं वगळायचं ठरवलं. त्यांत हरियाणातल्या फरिदाबादजवळच्या मुजेसर गावचा तेरा क्रमांकाचा कोस मिनार होता. शेरशाहानं आणि त्याच्यामागून मोगलांनी आग्रा-दिल्ली-लाहोर वाटेवर कोसाकोसाला जे विटा-चुन्याचे मनोरे उभारले, त्यांतला हा एक. असे मनोरे साधारण तीस फूट उंचीचे असतात. एवढी उंच वस्तू, तीही केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली, आणि ती सापडेना. यादीतून नाव काढायचं तर कायद्यात हरवलेल्या स्मारकासाठी वेगळं कलम नाही. ते आता राष्ट्रीय महत्त्वाचं उरलेलं नाही, असं जाहीर करण्याची तरतूद तेवढी आहे. म्हणजे मनोरा नाहीसा झाला आणि वर त्याचं महत्त्वच संपल्याचा शिक्काही बसला.

मुजेसर एकटं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयानं संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार देशातली ५० संरक्षित स्मारकं नाहीशी झाली होती. चौदा शहरांच्या वाढीत गेली, बारा धरणा-तलावांच्या पाण्याखाली गेली आणि चोवीस कुठे गेली याचा पत्ताच लागला नाही. नाहीशा झालेल्यांत मोठी देवळं किंवा किल्ले फारसे नाहीत. थडगी, शिलालेख, लहान दफनभूमी, कोस मिनार अशा, रस्त्यानं जाताना मान वळवूनही कुणी पाहू नये अशा वस्तूच अधिक आहेत.

तीस फुटी मनोऱ्याची ही गत असेल तर गुडघ्याएवढ्या दगडाचं काय होत असेल? महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात हद्दीचे आणि दानाचे असे दगड अजून आहेत. त्यांच्या जतनाची चर्चा अधूनमधून होते, आणि दर वेळी ती एकाच मागणीवर येऊन थांबते: दगड उचला आणि संग्रहालयात ठेवा. या मागणीमागची कळकळ खरी आहे. पण हद्दीच्या दगडाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकीची आहे. मूर्ती कुठेही नेली तरी मूर्तीच राहते. हद्दीचा दगड मात्र ज्या जागी रोवलेला आहे त्या जागेबद्दल एकच विधान करत असतो, की इथे अमुक संपतं आणि तमुक सुरू होतं. तो हलवला की हे विधान खोटं ठरतं. म्हणून दगडापेक्षा जागेचं संरक्षण आधी व्हायला हवं. त्यासाठी आपल्याकडे आहे त्याहून हलका, पण सगळीकडे पोचणारा कायदा लागेल.

जुन्या लोकांना जागेचं हे महत्त्व पुरेपूर ठाऊक होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावांच्या सीमावादावर बरीच चर्चा आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर यांसारखी दीर्घायुषी झाडं लावावीत असं तिथे सांगितलं आहे. पण स्मृतिकाराचा माणसांवर फारसा विश्वास दिसत नाही. उघड्या खुणा लोक हलवतात, हे त्यानं गृहीतच धरलं आहे. म्हणून जमिनीखाली गुप्त खुणाही पुराव्यात, असं तो सांगतो. दगड, हाडं, भुसा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू, म्हणजे मातीत लवकर कुजत-विरत नाही असं काहीही. वाद झालाच तर खणून पाहायचं. आजचा पुरातत्त्वज्ञ ज्याला थर म्हणेल तो थर इथे मुद्दाम तयार केला जात होता, आणि साक्ष देणारी वस्तू जागेवरच राहील याची तजवीज केली जात होती. खुणा नसतील तेव्हा साक्षीदारांनी लाल वस्त्रं नेसून, लाल फुलांच्या माळा घालून, डोक्यावर माती घेऊन सीमा दाखवावी, असाही विधी त्यात आहे.

दख्खनच्या गावगाड्यात हे डोक्यावर माती घेणं पुस्तकात राहिलं नव्हतं. शिवेचा तंटा उभा राहिला की गावच्या महाराची साक्ष वजनदार मानली जाई. शीव कुठून कुठे जाते, कोणत्या ओहोळाला वळते, कोणत्या दगडाला टेकते, हे त्याला पिढीजात माहीत असे. ज्या माणसाला गावानं गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच्याच तोंडून गाव आपली हद्द वदवून घेत असे. हद्दीच्या दगडांचा इतिहास लिहिताना राजांची नावं येतात, दान घेणाऱ्या ब्राह्मणांची आणि देवस्थानांची येतात. हद्द चालून दाखवणारा मात्र सहसा निनावीच राहतो.

शिवेचं भान विधींतही होतं. दसऱ्याला गाव शीव ओलांडून शमीपर्यंत जात असे. लग्नात वऱ्हाड गावच्या शिवेवर आलं की वधूपक्ष तिथे जाऊन वराची पूजा करत असे. सीमांतपूजन म्हणतात तो हाच विधी. आता तो आदल्या संध्याकाळी कार्यालयाच्या सभागृहात उरकतात. पाटावर वर बसतो, उपरणं-टोपी होते, फोटो निघतात आणि शिवेचा संबंध नावापुरता राहतो. याबद्दल हळहळण्याचं कारण नाही, कारण गाव पसरलं आणि वाहनं आली की शिवेवर थांबायला कुणाला सवड? पण यावरून एक गोष्ट कळते. विधी जागा सोडूनही टिकू शकतो. दगडाला ती सोय नाही.

कोकणातल्या गद्धेगळांकडे पाहिलं की हे अधिक नीट समजतं. शिलाहारांच्या काळापासून दान दिलेल्या जमिनीवर, बरेचदा गावाच्या किंवा शेताच्या हद्दीपाशी, असे दगड उभे केले गेले. पुढे इतर राजवटींनीही ही पद्धत उचलली. रचना ठरलेली. वरच्या भागात सूर्य, चंद्र आणि मंगलकलश, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान चालावं. मधल्या भागात लेख, असला तर. आणि खालच्या भागात एका स्त्रीवर आरूढ झालेला गाढव. हे दान जो मोडेल त्याच्या आईची ही गत होईल, अशी ती धमकी. लेख वाचता येणारे गावात किती असणार? चित्र मात्र सगळ्यांना वाचता येत होतं.

हे शिल्प अश्लील आहे, आणि अश्लीलतेपेक्षा वाईट म्हणजे निर्दय आहे. दान मोडणारा पुरुष, शिक्षा त्याच्या आईला. जमिनीच्या व्यवहाराला तारण म्हणून घरातल्या बाईची अब्रू ठेवलेली. अशा दगडाला वारसा म्हणून मिरवायचं का, हा प्रश्न रास्त आहे. गावोगावी लोकांनी त्याला आपापल्या परीनं उत्तरं दिली आहेत. कुठे दगडाला शेंदूर फासून त्याचा देव केला गेला आणि गाढव शेंदराखाली गेलं. कुठे तो अपशकुनी ठरून पालथा पडला. शेंदराचे थर लेखाला मारक आहेत, ही अभ्यासकांची तक्रार खरी. पण पुष्कळ दगड आज जागेवर असतील तर ते या शेंदरामुळेच. देवाला हात लावायला ठेकेदारही कचरतो. गावकऱ्यांच्या भाबडेपणाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की एखाद्या शिवारात दगड जागेवर ठेवण्याचं काम सरकारी फलकापेक्षा म्हसोबानं चोख केलेलं असतं.

आणि निर्दय आहे म्हणून तो दगड पुसावा, हे म्हणणंही पटण्यासारखं नाही. जमीन, धर्मदाय, राजसत्ता आणि स्त्रीचं शरीर यांचा व्यवहार एकाच दगडावर इतक्या उघडपणे मांडलेला दुसरीकडे कुठे मिळणार? ताम्रपटांच्या संस्कृतात हीच धमकी नरकवासाच्या आणि विष्ठेतल्या किड्याच्या जन्माच्या श्लोकांतून येते. तिथे ती सभ्य वाटते, कारण ती वाचणारे थोडे. रस्त्याकडेच्या दगडावर तीच उघडी पडते.

अलिबागजवळच्या आक्षी गावचा दगड हे यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण. त्यावरच्या लेखाचं वाचन शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं मांडलं. ते स्वीकारलं तर मराठीतला हा ज्ञात सर्वांत जुना शिलालेख ठरतो. काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि केसिदेव नावाचा लेखातला शिलाहार राजा पहिला की दुसरा यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. हा दगड वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उघड्यावर पडून होता. श्रवणबेळगोळच्या लेखाला पाठ्यपुस्तकात जागा मिळाली, ज्याच्यासाठी त्याच्याहून जुन्याचा मान सांगितला जातो तो आक्षीचा दगड मात्र पाऊस खात राहिला. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून चळवळ चालली त्या काळात या दगडाची आठवण लोकांना पुन्हा झाली, हे बरंच झालं. पण प्राचीनत्वाचा दाखला म्हणून एखादा दगड हवा असणं वेगळं आणि त्याची राखण करणं वेगळं.

याच्या उलट परळचा लेख. अपरादित्य या शिलाहार राजाच्या काळातला, शके ११०८ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. परळला सापडलेला हा दगड आता संग्रहालयात आहे. तिथे तो कोरडा आहे, सुरक्षित आहे, त्याच्यावर नीट प्रकाश पडतो. परळसारख्या गिरण्या उठून मनोरे उभे राहिलेल्या भागात तो उघड्यावर राहिला असता तर आज दिसलाही नसता, हे मान्य करायला हवं. संग्रहालयानं दगड वाचवला. पण परळच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला आपल्या पायाखालच्या भूमीला आठशे वर्षांपूर्वीचा लेखी इतिहास आहे याची गंधवार्ता नसते. त्या जागी एक साधी खूण राहिली असती तरी पुष्कळ झालं असतं.

मग हे दगड कायद्यानं जागेवरच संरक्षित का करू नयेत? इथे खरी मेख आहे.

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा २०१० मध्ये दुरुस्त झाला, आणि तेव्हापासून संरक्षित स्मारकाच्या सभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित, तर त्यापुढचा आणखी २०० मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला. कार्ल्याच्या लेण्यांना किंवा गोलघुमटाला हे योग्यच आहे. पण दोन फुटी दगडाला हाच नियम लावला तर काय होईल? शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सव्वातीन हेक्टरच्या आसपास जमीन, जवळजवळ आठ एकर. गावठाणाच्या मधोमध असलेल्या दगडाला संरक्षण मिळालं की निम्म्या गावाला नवी खोली बांधता येणार नाही. अशा दगडाची बातमी सरकारला कोण कळवेल? उलट रातोरात तो दगड दिसेनासा व्हावा, अशी इच्छा निर्माण करणारीच ही व्यवस्था आहे. कायदा जितका जड, तितकी त्याच्या छत्राखाली येणाऱ्या वस्तूंची यादी आखूड, हा त्याचा परिणाम.

दुसऱ्या बाजूला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुना कोरीव दगड त्याच्या व्याख्येत पुरावस्तू ठरतो, मग तो कुठल्या यादीत असो वा नसो. पण या कायद्याचा सारा रोख चोरट्या विक्रीवर आणि निर्यातीवर आहे. गद्धेगळ लंडनच्या लिलावात गेला तर कायदा जागा होईल. तो जेसीबीच्या बकेटमधून भरावात गेला तर कुणाला कळणारही नाही.

तिसरा कायदा महसुलाचा, आणि गंमत म्हणजे हद्दीच्या खुणांची सर्वांत जास्त काळजी त्यानंच घेतली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांसाठी वेगळं प्रकरण आहे. खुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकलेली आहे. भारतीय दंडसंहितेच्या ४३४ व्या कलमात सरकारनं रोवलेली हद्दीची खूण हलवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होती, आणि नव्या संहितेतही हा गुन्हा कायम आहे. पण हे सगळं जिवंत हद्दीसाठी. सात-बाराच्या उताऱ्यावर आणि गावनकाशावर जी हद्द चालू आहे तिच्यासाठी. हद्द बदलली, राज्य गेलं, वतन खालसा झालं की तो दगड महसूल खात्याच्या लेखी संपला. पुरातत्त्व खात्याच्या लेखी तो अजून सुरूच झालेला नसतो. महसूल आणि पुरातत्त्व या दोन खात्यांच्या मधल्या कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात आपले हद्दीचे दगड पडून आहेत.

लंडनभोवतालच्या कोळसा-कराच्या खांबांची हकीकत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. लंडन शहराच्या महापालिकेला शहरात येणाऱ्या कोळशावर आणि दारूवर जकात घेण्याचा जुना हक्क होता. १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉलचं नवं कॅथेड्रल आणि शहरातली अनेक चर्चं उभी राहिली ती बऱ्याच अंशी या कोळशाच्या पैशावर. १८६१ मध्ये जकातीची हद्द नव्यानं आखली गेली आणि रस्ते, कालवे, लोहमार्ग जिथे जिथे ती ओलांडत तिथे तिथे खांब उभे केले. रस्त्याकडेचे बहुतेक खांब बिडाचे, कमरेएवढे, पांढरे रंगवलेले, वर शहराची ढाल आणि खाली कायद्याचा क्रमांक. जकात १८९० च्या सुमारास संपली. म्हणजे खांबांचं प्रत्यक्ष काम फार तर तीस वर्षांचं. तरीही अडीचशेहून अधिक खांबांपैकी दोनशेच्या वर आजही उभे आहेत, आणि त्यांतले बरेचसे स्वतंत्रपणे दुसऱ्या श्रेणीच्या वारसा-यादीत आहेत.

या यादीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. खांब पाडायचा, बदलायचा, हलवायचा तर स्थानिक नियोजन प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. विनापरवाना हात लावणं हा गुन्हा आहे. मात्र त्याच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी नाही. शेजारच्याला घर वाढवता येतं, रस्ता रुंद करता येतो. खांब आडवा आला तर परवानगी घेऊन तो चार हात सरकवता येतो, आणि मूळ जागा कुठली होती याची नोंद राहते. काही खांब असे सरकलेले आहेतही. जागेचा हट्ट धरणाऱ्याला ही तडजोड मान्य करायला हरकत नसावी, कारण हद्दीची ओळ कळण्याइतका तो जवळच राहतो. श्रीमंत देश आहे म्हणून हे जमतं, असं म्हणण्यातही अर्थ नाही. परवानगीचा एक कागद आणि नकाशावरचा एक ठिपका एवढाच याचा खर्च.

त्या देशानं रस्त्याकडेच्या दगडांची ताकद दुसऱ्याही एका प्रसंगी ओळखली होती. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरण्याची धास्ती होती, तेव्हा रस्त्यांवरचे दिशादर्शक काढले गेले आणि कित्येक मैलाचे दगड पुरले किंवा त्यांवरची गावांची नावं खरडली गेली. मुका दगड शत्रूला वाट सांगेल, म्हणून त्याला गप्प करावं लागलं.

अमेरिकेतलं उदाहरण आणखी उद्बोधक आहे, कारण तिथे सुरुवात सरकारनं केलीच नाही. १७९१ आणि १७९२ मध्ये नव्या राजधानीसाठी प्रत्येकी दहा मैलांच्या चार बाजूंचा चौकोन आखला गेला. मोजणीचा प्रमुख अँड्र्यू एलिकॉट. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्याबरोबर बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय खगोलाभ्यासक होता आणि ताऱ्यांचे वेध घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. मैलामैलावर एक असे चाळीस वालुकाश्माचे दगड रोवले गेले. राजधानीकडच्या अंगाला हा अमेरिकेच्या अधिकाराचा प्रदेश असल्याचं आणि अंतर कोरलेलं, पलीकडच्या अंगाला व्हर्जिनिया किंवा मेरीलँड, उरलेल्या बाजूंना वर्ष आणि होकायंत्राचा फरक. १८४६ मध्ये व्हर्जिनियाचा भाग परत देण्याचं ठरलं आणि त्या बाजूच्या चौदा दगडांची राजधानीची हद्द एका रात्रीत मेली. दगड कुणाच्या अंगणात, कुणाच्या झुडपात राहिले. १९०६ च्या सुमारास फ्रेड वुडवर्ड नावाच्या एका हौशी माणसानं पायपीट करून त्यांची छायाचित्रं काढली, त्यांची स्थिती लिहून ठेवली आणि त्यांच्याभोवती कुंपण घालावं असं सुचवलं. १९१५ पासून एका महिला संघटनेच्या शाखांनी एकेक दगड दत्तक घेतला आणि भोवती लोखंडी पिंजरे उभारले. राष्ट्रीय नोंदवहीत नाव पुष्कळ नंतर आलं. बॅनेकरच्या नावानं ओळखला जाणारा एक दगड १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक खूण ठरला.

चाळिसांतले छत्तीसच्या आसपास मूळ दगड आज आहेत. म्हणजे ही व्यवस्थाही अचूक नव्हती. ईशान्य बाजूचा पहिला दगड १९५२ मध्ये दुकानाचं बांधकाम चालू असताना बुलडोझरखाली गेला. आता फुटपाथवर धातूची एक पट्टी तेवढी आहे. दगड गेला पण जागा राहिली, असं म्हणता येईल. आक्षी आणि परळ यांच्या मधला हा तिसरा मार्ग, आणि आपल्याकडे तो जवळपास कुणी वापरतच नाही.

या उदाहरणावर एक आक्षेप येऊ शकतो: जागेवर ठेवल्यानं दगड झिजतो. वॉशिंग्टनचे वालुकाश्मी दगड खरोखरच इतके झिजले आहेत की काहींवरची अक्षरं बोटानं चाचपावी लागतात. कोकणातल्या पावसात आपला काळा पाषाणही अमर नाही. लेख असलेल्या दगडाच्या बाबतीत हा आक्षेप गंभीर आहे, आणि तिथे तडजोड लागेलच. साधं छत, पाण्याचा निचरा, आणि त्याआधी चांगला ठसा व त्रिमितीय छायाचित्रण. अक्षर वाचवण्यासाठी मूळ दगड हलवावाच लागला तर त्याच जागी प्रतिकृती रोवून ती प्रतिकृती असल्याचं लिहावं. लेख नसलेले दगड मात्र झिजू द्यायला हरकत नाही. झिजणं हाही त्यांच्या उभं राहण्याचाच भाग आहे. त्यांना खरा धोका पावसाचा नसून रुंदीकरणाचा आहे.

हलकी यादी महाराष्ट्राला अनोळखी नाही. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली, देशातली अशा प्रकारची पहिली. संपूर्ण स्मारकाचा दर्जा न देताही इमारतींची, परिसरांची आणि छोट्या रस्ता-वस्तूंची श्रेणी ठरवता येते, हे तिनं दाखवलं. एकोणिसाव्या शतकातले मैलाचे दगड या शहरात आहेत. हॉर्निमन सर्कलपाशी १७१८ मध्ये खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर त्यांवर रोमन आकड्यांत कोरलेलं आहे. पण यादीत असूनही त्यांतले काही फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत बुडाले होते. कुणी मुद्दाम पुरले नव्हते. दर काही वर्षांनी फुटपाथवर नवा थर चढतो, त्याबरोबर दगड बोटबोटभर खाली जातो. अलीकडे महापालिकेच्या वारसा विभागानं ते खणून, साफ करून, चौथऱ्यावर उभे करण्याचं काम हाती घेतलं. स्वागतार्हच. पण दगड एका खात्याच्या यादीत, फुटपाथ दुसऱ्या खात्याच्या निविदेत, असं असेल तर पुढची फरसबंदी पुन्हा तेच करील. म्हणजे यादी करणं पुरेसं नाही. ती यादी ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या टेबलावर पोचली पाहिजे. रस्त्याच्या निविदेबरोबर जसे झाडांचे, नळांचे, तारांचे नकाशे जोडतात तसे या दगडांचे ठिपकेही जोडले गेले आणि दगड हरवला तर बिलातून रक्कम कापली जाईल अशी अट आली, तर ठेकेदाराचा मुकादमही एका दिवसात पुराणवस्तूप्रेमी होईल.

काही हद्दी अशा आहेत की त्या संपल्या तरी लोकांनी त्यांना विसरू दिलं नाही. गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी हे त्यातलं एक ठिकाण. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथून गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, आणि आज तिथे हुतात्म्यांचं स्मारक आहे. रक्त सांडलं म्हणून ती जागा टिकली. बाकीच्या शेकडो हद्दी शांतपणे मेल्या. कुठे जहागीर संपली, कुठे संस्थान विलीन झालं, कुठे तालुके फेररचनेत फिरले. त्यांच्यासाठी कुणी घोषणा देणार नाही, आणि देण्याची गरजही नाही. त्यांना नोंद हवी आहे.

आणि नोंदीची संधी सध्या दारात उभी आहे. गावठाणांची ड्रोननं मोजणी करण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला आणि त्याच धर्तीवर २०२० मध्ये स्वामित्व योजना देशभर सुरू झाली. ड्रोन उडण्याआधी भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायतीची माणसं मालमत्तांच्या कडेनं चुन्याच्या रेषा मारतात. म्हणजे गावाची शीव पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेली माणसं आणि मोजणीचं नवं यंत्र एका सकाळी एकाच ठिकाणी हजर असतात. रस्त्याकडेचा शेंदरी दगड, शेताच्या कोपऱ्यातला सूर्यचंद्र कोरलेला खांब, पडक्या वेशीच्या पायाशी अडकलेला गद्धेगळ, हे सगळं त्या माणसांना माहीत असतं. ते विचारण्यासाठी मोजणीच्या पत्रकात एक रकाना वाढवावा लागेल. त्यासाठी नवा कायदा नको, बांधकामबंदी नको, गावकऱ्याच्या मनात धास्तीही नको. दगड कोणत्या अक्षांश-रेखांशावर, कोणत्या गटाच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या स्थितीत आहे आणि गाव त्याला काय म्हणतं, एवढं लिहिलं तरी पुढच्या हलक्या यादीचा कच्चा मसुदा तयार होतो. बऱ्याच गावांत ड्रोन उडून गेलेलाही आहे. तिथल्या चुन्याच्या रेषा पहिल्या पावसातच धुऊन गेल्या असतील, पण गावांची फेरमोजणी होतच राहते. पुढच्या खेपेला रकाना असला तर चालेल.